पोचा पडलेला पाव

केळ्याच्या पावाचा इतिहास कोणी लिहिलेला नाही
म्हणून मी लिहायला बसलो, तर मयड्यात
चार घरांनी चार इतिहास दिले
आणि प्रत्येकाबरोबर एक काप.
मी चारही खाल्ले. इतिहासकाराने तटस्थ असावं.

आनासियाबाय सांगते, मूळ आहे आळसात.
घड उतरवायचा राहिला, मग उतरवलेला खायचा राहिला.
मयड्याचं केळं हातभर लांब, जाड सालीचं,
पिकायला हवा तेवढा वेळ घेतं
आणि पिकलं की कुणाला वेळ देत नाही.
साल काळी पडली, चिलटं जमली,
डुकराला घालावं, तर डुक्कर आदल्याच रविवारी
दिराच्या लग्नात वाढून झालेलं.

वर्ष नाकेबंदीचं.
घाटावरचा कांदा घाटावरच राहिला
आणि बटाटा मात्र हॉलंडहून बोटीत बसून आला.
त्याच्या मागोमाग मैदा, पांढरा, परका,
आणि लाल डब्यातलं गोल चीज.
भातात घालायला मीठ नाही, पण चीज आहे!
आनासियाबाय अजून हसते, पदराने डोळे पुसते,
मग आठवून म्हणते, मी तर पदरच घेत नाही,
आणि झग्याच्या बाहीने पुसते.

पास्कू रेंदेराचा मुलगा हे सगळं नाकारतो.
मैदा काय, चुन्यासारखा पडून होता.
त्याला उठवलं माझ्या बापाच्या सुरेने.
पहाटे माडावरून उतरलेली, दुपारपर्यंत आंबलेली,
तिने पीठ असं फुगवलं की झाकण वर आलं
आणि घरात कुणीतरी आहे असं वाटून
कुत्रा भुंकत राहिला.

वाघुर्मेकरांच्या दुकानातला थोरला
चष्मा कपाळावर ढकलून तिसरी बाजू मांडतो.
त्या दिवशी सुटे नव्हते.
अर्ध्या तांग्याच्या बदल्यात मी बाईला जायफळ दिलं.
ती चिडली. रागाने किसलं, जास्तच किसलं.
चव आली ती त्या रागाची.
गूळ माडाचा, तोही माझ्याच दुकानातला,
त्याचे पैसे, तो हळू आवाजात म्हणतो, अजून यायचे आहेत.

आणि पोदेर? पोदेर एवढंच म्हणतो:
भट्टी माझी. उरलेली धग. फुकट.
बाकी तुम्ही लिहा काय ते.

डब्याबद्दल मात्र चौघांचं एकमत.
पाव भाजला तो चीजच्या रिकाम्या डब्यात,
आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा
घड चोरणाऱ्या माकडावर फेकला गेला.
माकड वाचलं. डब्याच्या कुशीत पोचा पडला.
तेव्हापासून या घरचा प्रत्येक पाव
एका बाजूने जरा आत गेलेला,
कुणी कोपर मारल्यासारखा.
मुलं त्या खळगीत लोणी भरून घेण्यासाठी भांडत.

आता सूर कुठली? चिमूटभर पावडर.
रेंदेराचा मुलगा जहाजावर जाऊन आला, माडावर कधी गेला नाही.
भट्टीऐवजी ओव्हन, तळ गंजला म्हणून डब्याला आतून पत्रा.
लिस्बनच्या भाचीने एकदा अक्रोड घातले,
तिला अजून माफी मिळालेली नाही.

गेल्या नाताळात स्विंडनहून आन्सेल्मचा फोन.
तिथली केळी एका मापाची, शाळेच्या रांगेतली वाटतात.
डबा नवा कोरा. पाव झाला सरळ, गोल, गुळगुळीत,
आणि घरातल्या कुणीच ओळखला नाही.
मुलगी म्हणाली, हा दुकानातला.
मग त्याने हातोडी घेतली,
शेजाऱ्याने भिंत ठोकून विचारलं काय चाललंय,
आन्सेल्म म्हणाला, स्वयंपाक.

फोटो आला. आनासियाबायने फोन लांब धरला,
जवळ घेतला, मला चष्मा पुसायला लावला.
पोचा होता. व्यवस्थित, खोल, लोणी मावेल एवढा.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
डाव्या बाजूला हवा होता.